बडग्याच्या पोटावरचा शब्द

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी लहानू आला. आमच्या गल्लीच्या बडग्या मंडळाचा तो सर्वेसर्वा. सायकलचं दुकान आहे, मुलगा कॉलेजात जातो, तरी मला पाहिलं की चपला दाराबाहेर काढून हात मागे बांधून उभा राहतो. दहावीपर्यंत मी त्याला इंग्रजी शिकवलं. म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पीडा बाहेर नेणारी मारबत निघते, तिच्यासोबत यंदा कशाचा पुतळा, म्हणजे बडग्या, न्यायचा ते ठरलं म्हणे. मागच्या वर्षी मंडळाने डेंग्यूच्या डासाचा बडग्या केला होता, त्याआधी वीजबिलाचा. यंदा रस्ता. होळीपासून गल्ली खोदून ठेवली आहे. पाइप टाकले, माती ढकलली आणि माणसं निघून गेली. जुलैच्या शेवटी पुष्पलता भाजी आणायला निघाली आणि फाटकासमोरच्या खड्ड्यात पडली. उजवं मनगट मोडलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या वह्यांचे गठ्ठे उचलणारा तो हात आता गळ्यात अडकवलेला पाहतो तेव्हा माझं डोकं फिरतं. त्यामुळे लहानूने विषय सांगितला तेव्हा मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

त्याला माझ्याकडून इंग्रजी शब्द हवा होता. "सर, मराठीत लिहिलं तं आपल्याच लोकाइले समजते. आता मोबाइलवर सारी दुनिया पाहून राहिली. एक दणकेबाज इंग्लिश शब्द द्या." पोरांनी सुचवलेले शब्द होते बॅड, व्हेरी बॅड आणि थर्ड क्लास. मी डोळे मिटून घेतले.

नापसंतीची विशेषणं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. लोकांना वाटतं वाईट म्हणजे वाईट. पण कुठलं वाईट चुकीचं, कुठलं किळसवाणं, कुठलं निषेधार्ह, हे इंग्रजीत आधी ठरवावं लागतं आणि मगच तोंड उघडावं लागतं. मी डिप्लोरेबल दिला. अत्यंत खेदजनक. मूळ लॅटिन, रडणे या अर्थाच्या धातूवरून. स्थितीसाठी वापरतात: शाळेची इमारत, दवाखान्यातली स्वच्छता, रस्ता. साऱ्या नोकरीत मी एकाही वहीवर 'पुअर' लिहिलं नाही. लाल शाईने डिप्लोरेबल लिहायचो. पोरं घरी जाऊन अर्थ शोधायची, म्हणजे निदान एक शब्द तरी शिकायची.

लहानूचा चेहरा उजळला. म्हणाला, सर, हा तं माह्या वहीवरचाच शब्द होय. मी त्याला बजावलं की हे विशेषण रस्त्याचं आहे, माणसाचं नाही. तो हो सर, हो सर म्हणाला. बडग्या निघेपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, हा मंडळाचा नियम. पुष्पलतालाही मी सांगितलं नाही. शब्द कोणी दिला हे नंतरही गुपितच ठेव, असं लहानूला म्हटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

श्वेताचा फोन आला. मुलीचा आवाज आज फार खुशीत होता. ऋषिकेशरावांना नवीन चार्ज मिळाला म्हणे, कालपासूनच. जावई रस्त्यांच्या ऑफिसात इंजिनिअर आहेत, पण आतापर्यंत होते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती पुढे काही सांगत होती, "बाबा, तुम्ही ओळखा बरं कुठे ते", पण मला राहवेना. बडग्याचं गुपित फोडता येत नव्हतं, म्हणून मी तिला सकाळी ग्रुपवर पाठवलेल्या 'आजच्या शब्दा'बद्दल सांगायला लागलो, की खेदजनक आणि निंदनीय यांत लोक कशी गल्लत करतात. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, जाऊ द्या बाबा, नंतर कळेलच. बढती असावी. आनंद आहे.

फोन पुष्पलताने घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मायलेकींचं काय चालतं देव जाणे.

१७ ऑगस्ट, रविवार

मंडळाच्या शेडमध्ये जाऊन बडग्या पाहून आलो. पाहिला आणि चरकलो. बांबू आणि कागदाचा दीड माणूस उंच साहेब उभा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला फोन, पोट सुटलेलं. पोटावर शब्दासाठी जागा सोडलेली.

मी लहानूला म्हटलं, अरे, आपलं ठरलं होतं ना, शब्द रस्त्याचा आहे म्हणून. त्याने फार शांतपणे उत्तर दिलं. "सर, रस्त्याचा बडग्या कसा करू? रस्ता तं आडवा असते." पोरं हसली, मीही हसलो. युक्तिवादात दम होता हे मान्य करायला हवं. मग अक्षरं किती मोठी हवीत, ओळ तिरपी नको, रंग लालच हवा, एवढं सांगून मी निघालो.

निघताना लहानू म्हणाला की पोरं ऑफिसात जाऊन आली, या रस्त्याचा चार्ज सध्या कोणत्या साहेबाकडे आहे ते विचारून. त्याचंही नाव खाली टाकणार. मी म्हटलं, नाव कशाला? तर म्हणाला, नावाशिवाय मारबत नेईन कोणाले? हेही त्याच्या परीने बरोबरच. नाव काय ते मी विचारलं नाही. माझा संबंध विशेषणापुरता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. बैल आता कुठे दिसतात आमच्याकडे, पण पुष्पलताने एका हाताने पुरण वाटायचा हट्ट केला. मी वाटून दिलं. मला रागावून म्हणाली, पाट्यावरून हात फिरवताय की वही तपासताय. पण आज ती मजेत आहे. खिडकीतून खड्ड्याकडे पाहत म्हणाली, "होईल हो रस्ता. महालक्ष्म्या बसायच्या आधी होईल." कोणी सांगितलं, विचारलं तर नुसती हसली. बायकांना देवीवर फार भरवसा असतो. माझा भरवसा उद्याच्या बडग्यावर आहे.

उद्या श्वेता आणि गोपिका येणार आहेत. तान्ह्या पोळ्याला नात आपला लाकडी नंदी घेऊन आमच्याकडे बोजारा मागायला येते. आता चौथीत आहे. कोऱ्या नोटांचं पाकीट करून ठेवलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काय लिहू.

दुपारी आम्ही सगळे ओट्यावर उभे होतो. पुष्पलता खुर्चीवर, श्वेता तिच्यामागे, गोपिका नंदी बगलेत धरून माझ्या पुढ्यात. गल्लीच्या तोंडाशी ताशे सुरू झाले. 'घेऊन जा गे मारबत' ओरडत पोरं येत होती. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या, त्यावरून चौघांनी बडग्या उचलून आणला. माझ्या छातीत अभिमान मावत नव्हता हे खरं आहे आणि ते इथे लिहिलंच पाहिजे. शब्द दुरूनसुद्धा वाचता येत होता.

बडग्या आमच्या घरासमोर आला आणि लहानूने मुद्दाम थांबवला. मला मान द्यायला. माझ्याकडे पाहून त्याने छातीला हात लावला. गोपिका एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागली. आधी इंग्रजी शब्द वाचला. मग त्याच्याखाली मराठीत काय लिहिलं होतं ते.

"राजूरकर साहेब. आबा, हे तर आपलं आडनाव आहे. बाबांचं नाव काहून लिहिलं?"

ताशांत तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मला गेला. श्वेताने बडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गोपिकाला उचलून आत गेली. नऊ वर्षांची पोर, उचलायचं वय राहिलेलं नाही. पुष्पलता खुर्चीवर तशीच बसून होती. पोरं 'रस्ता खाणारा साहेब घेऊन जा गे मारबत' म्हणत पुढे गेली.

गल्लीत जावयाला नाव नसतं. लग्न झालं त्या दिवसापासून ऋषिकेशराव इथे सगळ्यांचे 'जावईबापू' आहेत. लहानू त्यांना पान खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. पण त्यांचं आडनाव राजूरकर आहे हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. राजूरकर नावाचा साहेब वेगळा आणि सरांचे जावई वेगळे.

मी आत गेलो तोवर श्वेता रिक्षा बोलावत होती. गोपिकाचं पोट दुखतंय म्हणाली. बोजाऱ्याचं पाकीट देवापुढेच राहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी चहा देताना पुष्पलताने सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

बढती वगैरे काही नव्हती. ती पडली त्याच आठवड्यात ऋषिकेशरावांनी वरच्या साहेबांकडे जाऊन हा भाग मागून घेतला. कोणी घ्यायला तयार नव्हतं, जुना कंत्राटदार काम सोडून पळालेला, आधीचा इंजिनिअर लांब रजेवर. जावई स्वतः म्हणाले, मला द्या. सासूबाई पडल्यात तिथे, म्हणून. ऑफिसात अर्थात कारण सांगितलं नाही. अकरा तारखेला चार्ज घेतला. महालक्ष्म्यांच्या आधी गल्ली करून द्यायची आणि मग बाबांना सांगायचं, असं जावई, मुलगी आणि सासू तिघांनी ठरवलं होतं. म्हणून ती कुजबुज होती. म्हणून पोळ्याच्या दिवशीचं ते हसणं होतं.

मी चहावरची साय चमच्याने बाजूला केली. तिने एवढंच विचारलं, आज ग्रुपवर शब्द नाही पाठवला का? मी म्हटलं बरं वाटत नाही. ती आत गेली.

एक बरं आहे की शब्द मी दिला हे अजून घरात कोणाला माहीत नाही. लहानूला मी गुपित ठेवायला सांगितलं होतं, आणि या बाबतीत तो शब्दाचा पक्का आहे. श्वेताला कळलं तर ती काय म्हणेल हा विचारसुद्धा मला सहन होत नाही.

बडग्या काल तलावाकाठी जळाला. जळाला म्हणजे संपला, असंच आजवर होत आलं. डेंग्यूचा डास संपला, वीजबिल संपलं. यंदा सगळ्यांनी रील काढून ठेवलंय.

२५ ऑगस्ट, सोमवार

रात्रभर एकच विचार केला. शब्द परत घेता येत नाही, पण त्याचा योग्य वापर समजावून सांगता येतो. तेवढं तरी माझ्या हातात आहे. लहानूकडे गेलो. राजूरकर कोण हे त्याला सांगायचं ठरवून गेलो होतो, पण दुकानात पाच-सात जण बसलेले, सगळे माझे विद्यार्थी, सगळे उठून उभे राहिले. मला ते सांगता आलं नाही. घरातल्याच माणसाचा बडग्या सरांनी काढला, हे गल्लीला कळलं तर मी या रस्त्याने चालू कसा?

म्हणून मी एवढंच म्हणालो की शब्दाचा अर्थ लोकांपर्यंत चुकीचा जातो आहे, खुलासा करायला हवा. लहानू म्हणाला, तुम्ही बोला सर, आम्ही शूट करतो. मी दुकानासमोर खुर्चीवर बसून बोललो. स्पष्ट सांगितलं की रस्ता डिप्लोरेबल आहे, माणूस नव्हे. स्थिती खेदजनक असते. नुकताच चार्ज घेतलेल्या माणसाला हे विशेषण लावणं भाषेच्या दृष्टीने चूक आणि न्यायाच्या दृष्टीनेही चूक.

पोरं एकाग्र ऐकत होती. इतकं एकाग्र वर्गात कोणी ऐकलं नव्हतं. एकाने विचारलं, मग सर, माणसाले काय म्हणतेत? आणि मी सांगितलं. डिस्पिकेबल, तिरस्करणीय. कंटेम्प्टिबल, तुच्छ. रेप्रिहेन्सिबल, निंद्य. प्रत्येकाचा उच्चार, प्रत्येकाचं एक वाक्य. आघात कुठे द्यायचा तेही सांगितलं. बऱ्याच दिवसांनी शिकवल्यासारखं वाटलं.

घरी आलो तेव्हा मन जरा हलकं होतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

त्यांनी पहिला भाग कापला. लांब होत होता म्हणे.

आता मोबाइलवर बडग्या येतो, पोटावरचं नाव मोठं होतं, आणि मग मी येतो, खुर्चीवर बसलेला, चष्मा सावरत: डिस्पिकेबल, तिरस्करणीय. कंटेम्प्टिबल, तुच्छ. दर शब्दाला ताशाचा ठोका. खाली लोकांनी लिहिलंय, सरांना सलाम. असे शिक्षक आता होत नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याने दुबईहून फोन करून अभिनंदन केलं.

मी लहानूला म्हटलं, काढून टाक. त्याने लगेच काढलं. मग म्हणाला, "आपलं काढलं सर, पण आता ते आपल्या हातात नाही. बाकीच्यांनी उचललं." माझा चेहरा पाहून त्याला वाटलं मला प्रसिद्धी आवडत नाही. म्हणाला, तुम्ही जुन्या वळणाचे आहात सर.

पुष्पलताने पाहिलं का, माहीत नाही. तिचा मोबाइल आज दिवसभर देवघरात पडून होता.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

श्वेता फोन उचलत नाही. पुष्पलताचा उचलते. पुष्पलताकडून कळलं: कोणा पुढाऱ्याने ते रील वर पाठवलं, वरून खाली विचारणा आली, आणि जावयांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. चार्ज काढून घेतला. खुलासा मान्य होईपर्यंत ऑफिसात बसून नुसतं टेबलकाम करायचं. रस्त्यासाठी त्यांनी खडी मागवली होती, गाडी येणार होती, ती थांबली. नोटिशीत वाक्य आहे की संबंधित रस्त्याची अवस्था डिप्लोरेबल असल्याचं निदर्शनास आलं आहे. साहेबांनी शब्द बडग्यावरूनच उचलला असणार. इतर वेळी असं इंग्रजी कुठून येणार यांच्या ऑफिसात.

हे लिहिल्यावर लक्षात आलं की मला क्षणभर बरं वाटलं होतं, शब्द योग्य ठिकाणी वापरला म्हणून. काय माणूस आहे मी.

गोपिका दोन दिवस शाळेत गेली नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचा नैवेद्य. श्वेता सकाळीच आली, आईला हात नाही म्हणून. गोपिकाला आणलं होतं, ऋषिकेशरावांना नाही. त्यांच्याबद्दल मी विचारलं नाही, ती बोलली नाही. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं तिने एकटीने केलं आणि माझ्याशी लागेल तेवढंच बोलली: बाबा, वाटी द्या. बाबा, बाजूला व्हा.

पुष्पलताने जावयाचं पान मांडलं. दरवर्षी पहिलं पान त्यांचं असतं, म्हणून मांडलं. भोवती रांगोळीसुद्धा डाव्या हाताने काढली, वेडीवाकडी. कोणी बसलं नाही त्यावर. आम्ही बाजूच्या पानांवर जेवलो. गोपिका हळूच त्या पानावर एक भजं ठेवून आली, बाबांना घरी न्यायचं म्हणून.

जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. श्वेता पाठमोरी भांडी विसळत होती. मी म्हटलं, त्या मंडळाच्या पोरांना काही कळत नाही, कुठला शब्द कुठे लावायचा. कोणी दिला कोण जाणे त्यांना.

तिने नळ बंद केला.

"बाबा, मी सातवीत होते. गाय या विषयावर निबंध लिहिला होता. तुम्हीच आम्हाले शिकवायला होते. माझ्या वहीत खाली तुम्ही हाच शब्द लिहिला, लाल शाईनं. मी घरी येऊन तुम्हालेच अर्थ विचारला. तुम्ही म्हणाले, डिक्शनरीत पाहा."

मला आठवत नव्हतं. आताही आठवत नाही.

ती म्हणाली, "साऱ्या महाल भागात तो शब्द दुसरं कोण वापरते? मी ओट्यावर उभी होते ना, तेव्हाच समजलं. आईलेही समजलं. यांनी तर मी सांगायच्या आधीच मोबाइलवर पाहून म्हटलं, हा बाबांचा शब्द दिसतो. हसले होते आधी. खाली नाव नंतर वाचलं त्यांनी."

मी म्हटलं, मला नाव माहीत नव्हतं गं. खरंच माहीत नव्हतं.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं असतं तर चाललं असतं का बाबा?"

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा नळ सोडला. मला तिथे उभं राहता येईना आणि जाताही येईना. ती रडत होती हे मला पाठीवरून कळलं. मी तिचा बाप आहे आणि मला पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवता आला नाही. शेवटी मी पुसलेल्या वाट्या एकात एक रचून फळीवर ठेवल्या.

पुष्पलताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणजे त्या सकाळी तिने चहा देताना सगळं सांगितलं, ते मला माहीत व्हावं म्हणून नाही. मी काही बोलतो का ते पाहत होती. आणि मी म्हणालो बरं वाटत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

काही नाही. जोराचा पाऊस, खड्ड्यात कमरेइतकं पाणी. लहानूने त्यात बांबू रोवून लाल फडकं बांधलं.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी ऋषिकेशराव आले. एकटेच, स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून फळीवरून चालत. मी पेपर वाचत होतो, उभा राहिलो. त्यांनी नेहमीसारखे पाय धरले. आतून पुष्पलता आली. तिच्या हाताची चौकशी केली, प्लास्टर कधी निघणार विचारलं, बोटं हलवून दाखवायला लावली. मग खिशातून कागद काढला. नोटिशीचा खुलासा इंग्रजीतून द्यायचा आहे, उद्या शेवटचा दिवस. जरा नजर टाकता का बाबा, म्हणाले.

वाळले आहेत. कॉलर मोठी वाटत होती.

मी टेबलाशी बसून वाचलं. सवयीने लाल पेन हातात घेतलं, मग ठेवून निळं घेतलं. साधं, सरळ लिहिलं होतं. मी अकरा ऑगस्टला चार्ज घेतला. त्या दिवशी रस्त्याची स्थिती डिप्लोरेबल होती आणि आजही आहे, नागरिकांची तक्रार योग्य आहे. खडीची मागणी केली होती, तिची प्रत सोबत जोडली आहे. बस. कोणाला दोष नाही, आधीच्या इंजिनिअरलासुद्धा नाही.

मी म्हटलं, हा भाग तुम्ही स्वतः मागून घेतला, आणि का घेतला, ते लिहा ना. त्याने सगळं बदलेल. त्यांनी मान हलवली. "ते घरचं आहे बाबा. ऑफिसात कशाला?"

मी पुन्हा वाचलं. मला एक तरी चूक हवी होती. चूक सापडली असती तर ती दुरुस्त करता आली असती, त्यांच्यासाठी काहीतरी केलं असं झालं असतं. एकही सापडली नाही. माझा हात नुसता कागदावर पडून होता.

ते म्हणाले, "तो शब्द बरोबर वापरला आहे ना? तेवढंच विचारायचं होतं."

मी म्हटलं, बरोबर आहे. माफी मागायची होती. सात दिवस वाक्य तयार करत होतो, मराठीत आणि इंग्रजीतही. तोंडातून आलं ते असं की शेवटी यूअर्स फेथफुली लिहा.

त्यांना सोडायला ओट्यावर आलो. समोर दुकानात लहानू होता. जावईबापू दिसले तसा हात पुसत धावत आला. महालक्ष्म्यांले काहून नाही आले, आम्ही वाट पाहून राहिलो होतो, म्हणाला. पोराला पान आणायला पिटाळलं. स्वतः फडक्याने स्टूल पुसून त्यांना बसवलं.

मग म्हणाला, "जावईबापू, तुम्ही तं त्याच लाइनीतले. तो राजूरकर ओळखीचा आहे का गा तुमच्या? हटवलं म्हणते त्याले. आपल्या बडग्यानं काम केलं. पण रस्ता तं तसाच राहिला."

ऋषिकेशराव खड्ड्यातल्या लाल फडक्याकडे पाहत होते. म्हणाले, "ओळखतो थोडाफार."

"कसा आहे माणूस?"

"ठीक आहे. नवीन होता."

लहानू माझ्याकडे वळला. "नवीन असो का जुना. सरांचा शब्द त्याले बराबर बसला."

मी ओट्याची पायरी उतरलो. म्हटलं, लहानू, ऐक जरा. लहानूने लगेच हात मागे बांधले, वर्गात उभा राहायचा तसा. आता सांगायचं होतं. दोनच शब्द सांगायचे होते, हे राजूरकर.

ऋषिकेशराव स्टुलावरून उठले. पान गालात ठेवून, माझ्याकडे नीट पाहत म्हणाले, "बाबा, आई एकट्या आहेत. तुम्ही जा आत."

लहानू वाट पाहत उभा होता. मी म्हटलं, काही नाही, फळी नीट बसव ती, हलते. हो सर, म्हणाला.

मी आत आलो.